साठ फुटांवरचा दोन इंची पडदा

मी खिशातला टीव्ही बोलतोय. हसू नका. आज तुमच्या हातातल्या काचेवर अख्खं जग नाचतं, म्हणून तुम्हाला माझं नवल वाटणार नाही. पण मी जन्मलो तेव्हा टीव्ही हे घरातलं फर्निचर होतं. त्याला चार पाय असायचे, पुढे दारं असायची, डोक्यावर फुलदाणी असायची आणि तो हलवायचा म्हटलं की शेजाऱ्यांना हाक मारावी लागायची. त्या काळात मी कोटाच्या खिशात मावत होतो.

माझा पडदा दोन इंचांचा. चित्र काळंपांढरं, खरं सांगायचं तर थोडं निळसर. डोक्यावर ओढून लांब करायची अँटेना, उजव्या कुशीला स्टेशन शोधायची दातेरी चक्री, पाठीत चार पेन्सिल सेल. आणि स्वभाव अस्वस्थ. मला एका जागी बसवून चालत नाही. वीतभर डावीकडे सरकवलं की बातम्या सांगणाऱ्या बाईला दोन डोकी फुटतात, उजवीकडे सरकवलं की तिचं एकही उरत नाही. हवेतली लहर शोधायची, सापडली की घट्ट धरायची, सुटली की पुन्हा शोधायची, एवढंच काम मी जन्मभर केलं.

माझ्या आधीच्या पिढीला लोक ‘सोबत नेण्याचा टीव्ही’ म्हणायचे. नेण्याचा म्हणजे काय, तर त्याला वर एक मूठ होती. भरलेली बादली न्यावी तसा तो न्यायचा. मग मांडीवर मावणारे आले. मग कोटाच्या खिशात मावतो अशी जाहिरात करणारे आले, पण त्यांच्यासाठी शिंप्याकडून वेगळा खिसा शिवून घ्यावा लागला असता. घोडं अडलं होतं चित्रनळीपाशी. जुन्या टीव्हीत चित्र मागून फेकलं जायचं. त्यामुळे नळीला बाटलीसारखी लांब मान लागायची, आणि बाटली खिशात घालून हिंडणाऱ्या माणसाकडे लोक वेगळ्याच नजरेनं बघतात.

ज्या साहेबांनी मला घडवलं त्यांनी ती मान मोडून पडद्याच्या कुशीला निजवली. मागून येणारे किरण बाजूनं सोडले आणि वळवून पडद्यावर आणले. सात वर्षं ते त्या एका वळणापायी झुरले. कारखान्यात त्यांचं नाव पडलं ‘वाकडेसाहेब’. त्यांच्या खिशात कायम माझ्या मापाचा एक लाकडी ठोकळा असायचा. बैठकीत, लग्नात, दवाखान्यात, जातील तिथे तो घेऊन जायचे आणि मधूनच खिसा चाचपायचे. एकदा त्यांच्या बायकोनं विचारलं म्हणे, “खिशात काय मावतं ते शोधताय, छान आहे. पण तुम्ही स्वतः घरात कधी मावणार?” साहेबांनी मान डोलावली आणि ठोकळ्याचा एक कोपरा कानशीनं घासायला घेतला.

माझा जन्म लांबच लांब बाकावर झाला. माझ्या दोन्ही बाजूंना माझी सख्खी भावंडं. बाकाच्या शेवटी एक तपासनीस बाई बसायच्या. त्या प्रत्येकाला सेल घालायच्या, चक्री फिरवायच्या, दहा सेकंद चित्र बघायच्या, तीन टिचक्या मारायच्या आणि पुढे सरकवायच्या. दिवसभर टीव्ही बघूनही त्यांनी एकही गोष्ट पुरी बघितली नव्हती. एका पडद्यावर नायक दारात यायचा आणि पुढच्या पडद्यावर तो निघून गेलेला असायचा. माझ्या वेळी त्यांना चक्री दोनदा मागेपुढे करावी लागली.

“हा जरा भिरभिरा आहे,” त्या शेजारणीला म्हणाल्या, “पण एकदा धरलं की सोडत नाही.”

त्यांनी माझ्या पोटावर पांढरा ठिपका चिकटवला. मी पास झालो.

पास होणं वेगळं आणि खपणं वेगळं, हे मला दुकानात कळलं. लोक काचेच्या कपाटासमोर थांबायचे, मला हातात घ्यायचे, ‘अरे वा’ म्हणायचे आणि परत ठेवायचे. “चित्र छान आहे, पण दिसत नाही,” असंही एक आजोबा म्हणाले. माझी सेलची भूक मोठी होती. पुढे वीतभर अँटेना काढून रस्त्यातून चालणाऱ्या माणसाकडे लोक वळून बघायचे. आमच्यातले बरेच जण पहिल्या आठवड्यात कौतुक करून घेऊन दुसऱ्या आठवड्यात ड्रॉवरमध्ये गेले. वाकडेसाहेबांच्या कंपनीनं आम्हाला बनवणं लवकरच थांबवलं. तोवर मी विकला गेलो होतो.

मला विकत घेतलं एका गोदीतल्या क्रेनवाल्याच्या बायकोनं. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून तिनं नवऱ्याला भेट आणली होती. कागद सोडवून त्यानं मला तळहातावर धरलं आणि हलकेच तोलून बघितलं.

“आवडला नाही का?” तिनं विचारलं.

“अगं, हा चालतो?”

“चालतो म्हणून तर आणला. तुम्हीच म्हणता ना, वर दिवसभर कबुतरांशी बोलून कंटाळा येतो.”

तो खरंच दिवसभर वर असायचा. जमिनीपासून साठ फूट. लोखंडी शिडीला ब्याण्णव पायऱ्या. वर पत्र्याची केबिन, तीन बाजूंना काच, पायाखालीही काच. डाव्या हाताला एक दांडा, उजव्या हाताला एक. एक दांडा क्रेनचा हात फिरवायचा, दुसरा ओझं उचलायचा नि सोडायचा. जहाजांतून फळ्यांचे गठ्ठे, पाइपांच्या मोळ्या, यंत्रांची खोकी यायची आणि हा माणूस ती अंडी ठेवावीत तशी जमिनीवर ठेवायचा. त्याच्या नजरेची सगळ्या गोदीत ख्याती होती. साठ फुटांवरून त्याला खालच्या माणसाच्या बुटाची सुटलेली नाडी दिसायची, असं लोक सांगायचे.

खाली त्याच्या ओझ्यापाशी उभा राहायचा बावटेवाला. वरच्याला आवाज ऐकू येत नाही, म्हणून खालचा हातानं खुणा करतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, तळहात पालथा धरून हलवला की सोड, मूठ वळली की जिथे आहे तिथे थांब. हा बावटेवाला क्रेनवाल्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ होता. क्रेनवाल्यानंच त्याला गोदीत चिकटवलं होतं. दोघांचं मेतकूट असं की गोदीत म्हणायचे, ह्यांना खुणांचीही गरज नाही, एकाला शिंक आली की दुसरा रुमाल काढतो.

केबिनमध्ये वर्तमानपत्र नाही, रेडिओ नाही असा नियम होता. टीव्ही नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण नियम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही मी आलो नव्हतो. तरी सुरुवातीला क्रेनवाल्यानं पथ्य पाळलं. मी डब्याच्या पिशवीतून वर जायचो आणि जेवणाच्या सुट्टीतच बाहेर यायचो. बावटेवाला धापा टाकत ब्याण्णव पायऱ्या चढून यायचा. मग कपाळाला कपाळ लावून दोन माणसं माझ्या दोन इंचांत डोकावायची. आवाज ऐकायला कानात घालायची गुंडी एकच होती. ती दोघांच्या डोक्यांच्या मधे धरायची.

“भावोजी, डोकं जरा तिकडे. मला नुसता तुमचा कान दिसतोय.”

“कान बघ. फुकट आहे.”

एवढ्या उंचीवर लहर कशी छान मिळायची! खाली भिंती, छपरं, जहाजांचं लोखंड आडवं येतं. वर काहीच नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ चित्र मी त्या केबिनमध्ये दाखवलं. मला त्याचा माज होता, हे मी कबूल करतो.

पथ्य एकदम मोडत नाही. आधी सुट्टी संपल्यावर मी पाच मिनिटं चालू राहिलो. मग ‘नुसता आवाज’ म्हणून राहिलो. मग डाव्या दांड्याच्या वरच्या फळीवर त्यानं मला रबरानं बांधलं. ओझं खाली टेकून माणसं ते सोडवत असली की तो माझ्याकडे बघायचा. काहीच बिघडत नव्हतं. बिघडत नाही तोवर सगळेच शहाणे असतात.

मग फुटबॉलचा अंतिम सामना आला. तो भर दुपारी, कामाच्या वेळेत होता. सकाळी बायकोनंच माझ्या पाठीत नवे सेल घातले. “माझ्या भावालाही सांगत राहा हो, काय होतंय ते,” ती हसत म्हणाली. “नाहीतर तो खाली तळमळत बसेल.”

त्या दुपारचं मला जे ठाऊक आहे तेवढंच सांगतो. माझं तोंड क्रेनवाल्याकडे होतं. खालचं काही मला दिसत नव्हतं, फक्त त्याचा चेहरा दिसत होता. दुसरा अर्धा सामना सुरू होता, दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला होता. क्रेनच्या हातात फळ्यांचा गठ्ठा लोंबत होता. क्रेनवाला खाली बघायचा, माझ्याकडे बघायचा, खाली बघायचा, माझ्याकडे बघायचा. मग एक खेळाडू चेंडू घेऊन एकटाच पुढे सुटला आणि क्रेनवाल्याची नजर माझ्यावर खिळली. मी ती धरून ठेवली. मला तेवढंच येतं. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला त्यानं झटकन खाली बघितलं आणि उजवा दांडा पुढे केला.

एवढ्या उंचीवर खालचा आवाज येत नाही म्हणतात. त्या दिवशी आला.

त्याच्या तोंडाचा रंग माझ्या पडद्यासारखा निळसर झाला. त्यानं ओझं वर उचललं, यंत्र बंद केलं आणि शिडीवरून तो कसा उतरला ते त्यालाही आठवलं नाही. मी एकटाच वर चालू राहिलो. सामना संपला, चषक उंचावला गेला, लोक नाचले. बघायला कोणी नव्हतं. संध्याकाळी त्यानं परत येऊन मला बंद केलं तेव्हा माझे सेल निम्मे संपले होते.

गठ्ठा बावटेवाल्याच्या डाव्या पायावर टेकला होता. जीव वाचला. पाय वाचला असं डॉक्टर म्हणाले, पण घोट्याची हाडं अशी चुरली होती की तो पुन्हा नीट पडणार नाही.

चौकशी बसली. सुरक्षा अधिकारी, गोदीचे दोन साहेब आणि कामगारांचा एक प्रतिनिधी. क्रेनवाल्यानं पहिल्या दिवशी सांगितलं, “मी खाली बघितलं तेव्हा त्याचा तळहात पालथा हलताना दिसला. म्हणून मी सोडलं.” मग साहेब रुग्णालयात गेले. बावटेवाला पलंगावरून म्हणाला, “मी मूठ दाखवली होती. थांब म्हणून.”

दोघांपैकी एकाचं खोटं होतं. क्रेनवाल्याचं वीस वर्षांचं स्वच्छ काम आणि त्याची ती प्रसिद्ध नजर. बावटेवाला तिथे नवा, चौथंच वर्ष. साहेबांनी मनाशी ठरवूनही टाकलं की खूण चुकली. हात दाखवून अवलक्षण, असं कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालंही. माझ्याबद्दल साहेबांना काही ठाऊक नव्हतं. मी कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली होतो.

ते आठ दिवस त्या घरात कोणालाच चैन नव्हती. मी कपाटातून ऐकायचो. तो खुर्चीवरून उठायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उठायचा. नवव्या दिवशी सकाळी तिनं भावासाठी स्वेटर काढायला कपाट उघडलं आणि मी तिच्या हाताला लागलो.

ती मला घेऊन स्वयंपाकघरात आली. तो टेबलाशी बसला होता.

“हा त्या दिवशी कुठे होता?”

“घरीच. कुठे असणार?”

“अहो, त्या दिवशी सकाळी ह्याच्यात सेल मी घातले.”

त्यानं ताट जवळ ओढलं.

“वर होता ना? चालू होता ना?”

“होता,” तो म्हणाला. मग घाईघाईनं, “पण मी बघितलं गं खाली! मला हात दिसला. तळहात. मी शपथेवर सांगतो.”

“माझा भाऊ म्हणतो मूठ होती.”

“तो चुकतोय.”

“असेलही. मी काही तिथे नव्हते.” तिनं मला टेबलावर, त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. “तो माझा भाऊ आहे म्हणून मी बोलत नाही. तुम्ही तरी खात्रीनं सांगू शकता का? ह्याच्यावरून नजर उचलून खाली नेली, त्या पापणी लवायच्या वेळात काय दिसलं, ते खात्रीनं सांगा. मी पुन्हा विचारणार नाही.”

ज्या माणसाला साठ फुटांवरून बुटाची नाडी दिसायची, तो स्वतःच्या डोळ्यांबद्दल एक वाक्य बोलू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला खिशात घालून चौकशीच्या खोलीत गेला. लांब टेबल, चार माणसं, पाण्याचा जग. त्यानं मला टेबलाच्या मधोमध ठेवलं.

“हे काय आहे?” सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारलं.

“टीव्ही.”

“एवढासा? मस्करी करताय का?”

“नाही साहेब. हा त्या वेळी केबिनमध्ये चालू होता.”

अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मला उलटंपालटं करून बघितलं. “चालवून दाखवा,” ते म्हणाले.

त्यानं अँटेना ओढली, चक्री फिरवली. मी जीव तोडून शोधत होतो. मला त्या खोलीत मुकं राहायचं होतं, पण माझा स्वभावच आड आला. लहर सापडली आणि मी ती घट्ट धरली. पडद्यावर एक बाई लोकरीचा मोजा विणायला शिकवत होती.

प्रतिनिधी पुढे वाकला. दोन साहेब उठून त्याच्या खांद्यावरून बघायला लागले. सुरक्षा अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पार माझ्या काचेला टेकवलं. बाईनं टाचेची घडी घेतली, सुया बदलल्या, एक टाका सुटला तो पुन्हा उचलला. दारात शिपाई टपाल घेऊन येऊन उभा राहिला, ते कोणाला कळलंही नाही.

क्रेनवाला हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, असंच झालं.”

चारही डोकी एकदम वर आली. अधिकाऱ्यांनी चष्मा नाकावर घेतला. त्यांचे कान लाल झाले होते.

“मी आधी सांगितलं की मला तळहात दिसला,” क्रेनवाला म्हणाला. “ते मी मागे घेतो. मला काय दिसलं ते मी सांगू शकत नाही, कारण मी बघत नव्हतो. बावटेवाल्याकडे दोष नाही. तो मूठ म्हणत असेल तर मूठच असणार.”

त्याला क्रेनवरून उतरवलं. कामावरून काढलं नाही, दोरखंडांच्या कोठारात बसवलं. दिवसभर जमिनीवर, खिडकी नसलेल्या खोलीत. त्या काळात त्यानं दोनदा डोळे तपासून घेतले. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, “तुमचे डोळे उत्तम आहेत.” तरी तो घरात जिना उतरतानाही पायरी पायानं चाचपायचा. आपल्याला दिसतं ते खरं असतं, यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. मीठ समजून साखर घेतली तर बाकीचे हसतात. तो घाबरायचा.

माझ्या गळ्यात चौकशीचं लेबल बांधलं होतं. ते तसंच ठेवून मी घरी आलो. बावटेवाला कुबड्यांवर बहिणीकडे आला तेव्हा त्यानं मला बघितलं.

“ताई, हा मला दे,” तो म्हणाला. “भावोजींच्या डोळ्यांसमोर नको.”

असा मी त्याच्या खोलीत आलो आणि त्याच्या खिडकीत मुक्कामाला राहिलो. त्याला गोदीच्या फाटकावर बसून नोंदी ठेवायचं काम दिलं होतं. गुरुवारी दोघांनाही सुट्टी. पहिले काही महिने कोणी कोणाकडे गेलं नाही. मग एका गुरुवारी क्रेनवाला जिन्यानं वर आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, “सामना आहे आज.” बावटेवाल्यानं खुर्ची सरकवली.

तेव्हापासून दर गुरुवारी तो यायचा. मी चालू व्हायचो. दोघं बघायचे. कपाळाला कपाळ लावून मात्र नाही. मधे एक भिंग बसवलं होतं, त्यातून दोन खुर्च्यांवरून दिसायचं. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. मी होतो ना बघायला! खेळ, बातम्या, हवामान, साबणाच्या जाहिराती, ते सगळं बघायचे. माझं चित्र गेलं की दोघंही घाबरून एकदम चक्रीकडे हात न्यायचे. बहीण म्हणायची, “तुम्ही दोघं नेमकं काय बघता रे इतकी वर्षं?” दोघंही पडद्याकडे बोट दाखवायचे.

वर्षं गेली. बाहेर माझ्यापेक्षा हुशार मंडळी आली. चपट्या काचेची, रंगीत, मनगटावर बांधायची. शेवटी तर टेलिफोननंच आम्हा सगळ्यांना गिळलं. दोघंही निवृत्त झाले, क्रेनवाल्याचे केस पिकले. मी मात्र होतो तिथेच, लहर धरून.

आणि एक दिवस लहरच गेली. टीव्ही पाठवण्याची जुनी पद्धत बंद झाली. नवी लहर येते ती मला कळत नाही, तिची भाषाच वेगळी आहे. त्या गुरुवारी बावटेवाल्यानं चक्री या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या आणि आवाजाला खरखर. मी शोधतोय, शोधतोय, काहीच नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका सैरभैर झालो नव्हतो.

“गेला,” बावटेवाला म्हणाला.

“मग आता?” क्रेनवाल्यानं विचारलं. तो उठायला लागला. बघायला काही नाही, तर बसायचं कशाला?

“बसा, भावोजी.”

तो बसला. खरखर चालूच होती. बावटेवाला खाली, आपल्या वाकड्या घोट्याकडे बघत होता.

“मूठ नव्हती,” तो म्हणाला.

“काय?”

“त्या दिवशी. मी मूठ दाखवली नव्हती. सामना कुठवर आलाय ते कळत नव्हतं. तुम्ही खाली बघितलंत तसा मी हात हलवून विचारलं, काय झालं म्हणून. असा.” त्यानं तळहात हवेत हलवला. पालथा, उताणा, पालथा. “ओझं डोक्यावर लोंबत असताना मी तुम्हाला गोल विचारत होतो.”

क्रेनवाला त्या हाताकडे बघत होता.

“रुग्णालयात साहेब आले, मी भ्यालो. नवी नोकरी. तोंडातून ‘मूठ’ निघालं. म्हटलं, नंतर सांगू. मग तुम्ही जाऊन सगळं अंगावर घेतलंत. मग सांगायला तोंडच उरलं नाही.” “तुमचे डोळे बरोबर होते, भावोजी. तुम्हाला तळहातच दिसला होता.”

क्रेनवाला उठला. त्यानं बूट घातले. एक नाडी बांधली, दुसरी तशीच राहिली. जिन्यावर त्याची पावलं वाजली, भरभर, कुठेही न चाचपडता.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बावटेवाल्यानं दोन्ही गुरुवारी मला चालू केलं, दोन्ही खुर्च्या मांडल्या आणि मग तो दारापासून खिडकीपर्यंत पाय ओढत येरझारा घालत राहिला. बहीण एकदा येऊन गेली. “मला काही विचारू नकोस,” ती म्हणाली. “ते माझ्याशीही धड बोलत नाहीत. परवा मात्र गोदीच्या भिंतीशी जाऊन तासभर क्रेनकडे बघत उभे होते.” दुसऱ्या गुरुवारी माझे सेल संपले. नवे घालायचं त्याला सुचलं नाही. मी अंधारात होतो. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही.

आज पाठीवरचं झाकण उघडलं गेलं. हात ओळखीचा होता. पूर्वी दांडे धरणारा.

“संपले असतील म्हटलं,” क्रेनवाला म्हणाला. त्यानं चारही सेल घातले आणि कळ सरकवली. मुंग्या आल्या, खरखर आली.

“ह्यात आता काय दिसणार?” बावटेवाल्यानं विचारलं. तो अजून उभाच होता.

“काही नाही. बस.” क्रेनवाल्यानं दुसरी खुर्ची पायानं पुढे ढकलली. “तू खोटं बोललास. पण मी बघत नव्हतो, हेही खरंच होतं की. मी बघत असतो तर ओळखलं असतं. तुझे हात मला ओळखू येत नाहीत का रे, गाढवा?”

बावटेवाला बसला. त्यानं नाक पुसलं.

आता ते बोलताहेत. कधी दोघं एकदम, कधी एक बोलतो नि दुसरा नुसता मान हलवतो. मधेच क्रेनवाला रागानं टेबलावर हात आपटतो, मधेच बावटेवाला हसता हसता रडतो. माझ्याकडे कोणीही बघत नाही. भिंगावर धूळ बसली आहे. मी तरी चक्रीच्या एका टोकाला धडपडत शोधतोच आहे, सवय जात नाही.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. ह्या खोलीत कधी आलात आणि खिडकीत हा एवढासा डबा नुसता खरखरताना दिसला, तर ‘काहीच लागत नाही, मग चालू कशाला’ म्हणून मला बंद करू नका. शांत खोलीत त्या दोघांना बोलायचा संकोच वाटतो. माझी खरखर असली की तिच्या आडून त्यांना एकमेकांशी बोलता येतं.